छापण्यास हरकत नाही

क्लबात त्यांना सगळे आगाऊकाका म्हणत, आणि त्यात थोडी टिंगल आहे हे कळूनही त्यांना ते नाव आवडायचं. नाव पडायला कारणही तसंच होतं. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता क्लबाची सभा भरायची. आधी जेवण, मग सेवाकार्याचा आढावा, मग पाहुण्यांचं भाषण, आणि दोन वाजता सगळे आपापल्या कामाला. अशा सभेचा वृत्तान्त दुसऱ्या क्लबांच्या वार्तापत्रांत पुढच्या आठवड्यात यायचा, कधी कधी पुढच्या महिन्यात. या क्लबात मात्र सभा संपवून माणसं दाराबाहेर पडत असतानाच त्याच सभेचा छापील वृत्तान्त त्यांच्या हातात पडायचा. पाहुणे काय बोलले, लोक कुठे हसले, टाळ्या किती वाजल्या, सगळं त्यात असायचं. आता हे कसं जमायचं ते सांगायला ज्योतिषी नको. काका वृत्तान्त मंगळवारीच लिहून ठेवायचे.

तुम्ही म्हणाल, ही शुद्ध लबाडी झाली. काकांना तसं कधीच वाटलं नाही. क्लबापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचा छोटा छापखाना होता, सव्वीस वर्षं ते हे चार पानी वार्तापत्र स्वतः लिहून, स्वतः छापून देत होते, आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती: पाहुणे तेच बोलतात जे त्यांच्या माहितीपत्रकात असतं. हृदयाचे डॉक्टर चालायला सांगतात. निवृत्त न्यायाधीश आपल्या पहिल्या खटल्याची गोष्ट सांगतात. कवी वेळ पाळत नाहीत. मग थांबायचं कशाला?

क्वचित फजितीही व्हायची. एकदा पाहुण्यांची गाडी वाटेत बंद पडली, ते आलेच नाहीत, आणि वार्तापत्रात मात्र त्यांच्या ओघवत्या वाणीने सभागृह मंत्रमुग्ध झालं होतं. बाजारात तुरी, असं म्हणून लोक आठवडाभर हसले. दुसऱ्या एका वेळी रक्तदान शिबिराला शंभर जण आल्याचं छापून झालं आणि प्रत्यक्षात आले सतरा. त्या वेळच्या अध्यक्षांनी दुपारभर फोन करून करून त्र्याऐंशी माणसं गोळा केली. वार्तापत्र खोटं ठरू द्यायचं नाही म्हणून ही धावपळ! काका ती गोष्ट सांगताना नेहमी म्हणायचे, "बघा, आपण लिहिलं म्हणून झालं."

छापखान्यात दुसरं माणूस एकच, त्यांची बायको. ती प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. शाळा सुटली की छापखान्यात यायची आणि प्रुफं वाचायची, निवृत्त झाल्यावर तर सकाळपासूनच. लाल शाईचं पेन, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि समोरचा कागद नवऱ्याने लिहिलाय की मंत्र्याने याचा काडीचाही मुलाहिजा नाही. प्रूफ नीट असलं की खाली लिहायची, 'छापण्यास हरकत नाही', आणि बारीक सही. चुका फार असल्या तर लिहायची, 'दुरुस्तीनंतर पुन्हा प्रूफ दाखवणे'. ही दोन वाक्यं सोडून तिसरं वाक्य तिने प्रुफावर कधी लिहिलं नाही, आणि तिच्या सहीवाचून काकांनी कधी मशीन सुरू केलं नाही.

टेबलाला एक खण होता. त्याला काका 'तयार खण' म्हणत. त्यात शोकवार्ता असायच्या, म्हणजे अजून जिवंत असलेल्या माणसांच्या. क्लबाचे एक जुने सभासद एकदा अतिदक्षता विभागात गेले, डॉक्टरांनी मान हलवली, आणि काकांनी त्याच संध्याकाळी पंधरा ओळी लिहून ठेवल्या. ते गृहस्थ बरे होऊन घरी आले, क्लबाचे अध्यक्ष झाले, आणि पुढे अकरा वर्षं जगले. गेले तेव्हा काकांनी खणातला तोच कागद काढला आणि एक अध्यक्षपद वाढवून छापला. सगळे म्हणाले, काय मनापासून लिहिलंय.

पाच महिन्यांपूर्वी मास्तरीणबाईंच्या पोटात दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून अंगावर काढलं, मग वय म्हणून, मग तपासण्या सुरू झाल्या. गाठ निघाली. कसली, ते मात्र कोणी सांगेना. शुक्रवारी सकाळी दाखल व्हायचं आणि शनिवारी ऑपरेशन, असं ठरलं. सर्जन तरुण होता आणि सरळ बोलणारा होता. म्हणाला, "काका, उघडल्याशिवाय मी काहीही सांगणार नाही. आधी अंदाज करण्यात अर्थ नसतो."

हे असं वाक्य, आणि तेही काकांना!

त्या आठवड्याच्या मंगळवारी ती बहिणीबरोबर शेवटच्या तपासणीला गेली होती आणि काका छापखान्यात एकटे होते. गुरुवारच्या पाहुण्याचं माहितीपत्रक समोर होतं. पाहुणा दर्यावर्दी होता, शिडाच्या छोट्या बोटीतून महासागर पार करणारा. क्लबाच्या सेक्रेटरीने, हा सेक्रेटरी दातांचा डॉक्टर, फोनवर विचारून सहाच ओळी उतरवून आणल्या होत्या. दोन मित्र. बोटीची लांबी अमुक. एकशे अकरा दिवस. जाहीर भाषणाची ही पहिलीच वेळ. सोबत एक वयस्कर बाई असतील, पुढच्या रांगेत खुर्ची ठेवावी. बरोबर एक फोटो होता: बोटीच्या टोकाला बसलेले दोघं, उन्हाने रापलेले, दात काढून हसणारे.

एवढ्या भांडवलावर काकांनी दोन पानं लिहिली. लाटा डोंगराएवढ्या झाल्या, वारा पिसाटला, शीड फाटलं आणि शिवलं गेलं. शेवटी, 'एकशे अकराव्या दिवशी दोघा मित्रांनी हसतमुखाने किनाऱ्यावर पाऊल ठेवले.' त्या वयस्कर बाईंचंही त्यांनी सोनं केलं. 'मुलाचा पराक्रम ऐकताना मातोश्रींच्या डोळ्यांत आनंदाश्रू उभे राहिले.' हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की त्यांनी ते दोनदा वाचलं.

चार वाजले होते. काम संपलं होतं, बोटं मात्र थांबली नाहीत. काकांनी कोरं पान घेतलं आणि त्यावर टाइप केलं, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की...'

अकरा ओळी झाल्या. तारखेची जागा मोकळी. लिहिताना रडू आलं असतं तर निदान मन हलकं झालं असतं. ते आलंच नाही. 'मनमिळाऊ' हा शब्द लिहिला आणि याहून चांगला कुठला सापडतो का, याचा ते खुर्चीला टेकून विचार करत बसले. आपण काय करतोय हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झालेली, बायको अजून हॉस्पिटलच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघतेय, आणि आपण इथे विशेषण शोधतोय. त्यांनी कागद प्रिंटरवर काढला होता, कारण पडद्यावर वाचायची त्यांना सवय नव्हती. फाडायला हातात घेतला. तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली, बायकोचा आवाज आला, आणि त्यांनी तो घाईघाईने तयार खणात टाकला.

बुधवारी तिने वार्तापत्राचं प्रूफ वाचलं. मध्येच पेन थांबलं.

"अहो, ही मातोश्री कुठून आणलीत?"

"पाहुण्याबरोबर येणार आहे ना."

"इथे तर 'एक वयस्कर बाई' लिहिलंय. स्वतःच्या आईला कोणी 'एक बाई' म्हणेल का? कशावरून आई?"

"मग कोण असणार? एवढा पराक्रम केला पोराने, आईलाच आणणार ना ऐकायला!"

"आणि दोघं हसत पोचले, हे कशावरून?"

"फोटोत हसतायत की."

तिने समासात दोन ठिकाणी 'कशावरून?' असं लिहिलं, दोन मिनिटं पोटावर हात दाबून बसून राहिली, आणि मग खाली नेहमीचं वाक्य लिहून सही केली. एरवी तिने सोडलं नसतं. त्या दिवशी भांडायला अंगात जोर नव्हता. काकांना हे दिसत होतं, आणि तरीही त्यांनी त्याचा फायदा घेतला. ऐंशी प्रती छापल्या, घड्या घातल्या, गठ्ठा बांधला.

गुरुवारी ते निघाले तेव्हा ती म्हणाली, "मी इथेच बसते. घरी भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा बरं." काका अर्ध्या वाटेत असताना त्यांना खणातला कागद आठवला. पाय जागीच थांबले. परत जावं तर सभेला उशीर, न जावं तर ती एकटी त्या टेबलाशी. खणाला कुलूप नव्हतं. कशाला उघडेल ती खण, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण लाल पेनाच्या कांड्या त्याच खणात असतात हेही त्यांना ठाऊक होतं.

सभागृहात सगळं नेहमीसारखं होतं. जेवणं झाली. सेक्रेटरीने आढावा वाचला: नेत्रतपासणी शिबिरात एकशे चाळीस जण आले, छत्तीस चष्मे वाटले, सरकारी दवाखान्याला चाकाच्या दोन खुर्च्या दिल्या, त्यातल्या एकीचं चाक निघालं आणि ते बसवून दिलं. सभासदांनी बाक वाजवून स्वागत केलं. वार्तापत्रातही ते बाक मंगळवारीच वाजले होते. एरवी काका अशा वेळी गालातल्या गालात हसायचे. आज त्यांचं लक्ष खणात होतं.

मग पाहुणा उभा राहिला. फोटोतल्या दोघांपैकी हा डावीकडचा, पण दाढी पांढरी झालेली आणि हसू कुठेतरी गेलेलं. पुढच्या रांगेत सत्तरीच्या एक बाई मांडीवर पर्स धरून ताठ बसल्या होत्या.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "मी याआधी कुठेच बोललेलो नाही. आज बोलतोय ते या बसल्यात ना, यांच्यासाठी. या माझ्या मित्राच्या आई. त्या मला म्हणाल्या, एकट्यात सांगशील तर माझ्या तोंडाकडे बघून खोटं बोलशील, चार परक्या लोकांसमोर सांग. तुमचं पत्र आलं तेव्हा मी हो म्हटलं. तुम्ही परके आहात म्हणून. राग मानू नका."

कोणी राग मानला नाही. कोणी हललंही नाही. दाराशी, वार्तापत्रांच्या गठ्ठ्याजवळ बसलेल्या काकांचा हात मात्र गठ्ठ्यावर गेला. मित्राच्या आई.

तो सांगत गेला, आणि त्याच्या सांगण्यात डोंगराएवढी एकही लाट नव्हती. बासष्ट दिवस बरे गेले. दोघं पाळीपाळीने जागायचे, तीन तास याने, तीन तास त्याने. त्रेसष्टाव्या दिवशी पहाटे याची पाळी होती. मित्राने येऊन हलवलं. "मी म्हटलं, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं पडू दे. तो म्हणाला, झोप रे, मी आहे." समुद्र शांत होता. पुढची दोरी अडकली असावी आणि ती सोडवायला तो सुरक्षेचा पट्टा न लावता गेला असावा. असावा, कारण पाहिलं कोणीच नाही. "मी उठलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. चहाचा कप तसाच होता. बोट आपली आपण चालली होती."

त्याने बोट वळवली. दोन दिवस मागे-पुढे फिरत राहिला, हाका मारत राहिला. मग पुढचे दिवस एकट्याने काढून किनारा गाठला. "लोक विचारतात, महासागर पार केलास, कसं वाटलं. मी पार वगैरे काही केला नाही. वारा त्या बाजूला होता."

मग तो पुढच्या रांगेकडे वळला. "आई, मी तुम्हाला सांगितलं होतं की वादळ होतं. वादळ नव्हतं. मी झोपलो होतो."

त्या बाईंनी मान हलवली, इतकंच. टाळ्या नाहीत, काही नाही. काकांनी सव्वीस वर्षांत कित्येक वेळा 'सभागृह स्तब्ध झाले' असं लिहिलं होतं. स्तब्ध सभागृह कसं असतं ते त्यांनी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं.

आणि मग त्यांना आठवलं, की क्लबाची रीत आहे. आभार मानले की सेक्रेटरी पहिली ताजी प्रत पाहुण्यांना मंचावर देतो. ती प्रत सभा सुरू व्हायच्या आधीच पुष्पगुच्छाखाली ठेवलेली असते, आणि आजही काकांनी स्वतःच्या हाताने ठेवली होती. ते उठले, हाताने नाही नाही करत पुढे निघाले, पण खुर्च्यांच्या रांगा आणि अडुसष्ट वर्षांचे गुडघे. सेक्रेटरीचे डोळे भरलेले होते आणि हात सवयीने चालत होते. पाहुणा एका हाताने तोंड पुसत होता, म्हणून सेक्रेटरीने नुसता गुच्छ त्याच्या दुसऱ्या हातात दिला, खाली उतरला, आणि वार्तापत्र आदराने त्या बाईंच्या हातात ठेवलं.

काका मागे वळले. लोक उठायच्या आत त्यांनी दाराजवळच्या एकूणएक प्रती पिशवीत कोंबल्या. एक सभासद सवयीने हात पुढे करून उभा राहिला, त्याला ते इतक्या जोरात "नाही!" म्हणाले, की तो दचकून बाजूला झाला. एकोणऐंशी प्रती. मग ते पुढच्या रांगेशी गेले. म्हातारीने चष्मा लावला होता आणि बोट ओळीखालून सरकत होतं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"आत्ता?"

खोटं बोलायला अजूनही वाव होता. पण नुकतंच त्यांनी दुसऱ्या एका माणसाला खरं बोलताना ऐकलं होतं.

"नाही. मंगळवारी लिहिलं."

"मातोश्रींच्या डोळ्यांत आनंदाश्रू," त्यांनी वाचून दाखवलं. आवाज चढलेला नव्हता. "मातोश्री म्हणजे मीच ना?"

काकांना मान वर करवेना. "मोठी चूक झाली माझी. बाकीच्या सगळ्या प्रती मी परत घेतल्यात. ही तेवढी द्या. मी जाळून टाकतो."

त्यांनी कागद दिला नाही. बोट दुसऱ्या पानाच्या तळाशी नेलं आणि शेवटची ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत.

"चार वर्षांत मला पुष्कळ कागद आले," त्या म्हणाल्या. "पोलिसांचा, बंदराच्या कचेरीचा, विम्याचा, दाखला. प्रत्येकात तो गेलेला आहे. दोघं पोचलेत असा हा एकच कागद आहे."

"पण ते खरं नाही हो."

"ते मला तुम्ही सांगणार?" आता मात्र आवाजाला धार आली. "खरं ऐकायलाच आले होते मी. ऐकलं. मीच म्हटलं होतं त्याला, सांग." त्यांनी वार्तापत्राची आणखी एक घडी घातली, ते पर्समध्ये ठेवलं आणि पर्सची कळ दाबली. "तुम्हाला वाईट वाटत असेल तर वाटू द्या. वाटायलाच हवं. पण हा कागद मी ठेवणार."

मागे दर्यावर्दी उभा होता. त्याने काकांकडे बघितलंही नाही. म्हातारीने उठताना त्याचा हात धरला की नुसता आधार घेतला, ते काकांना कळलं नाही, आणि या खेपेला त्यांनी ते ठरवूनही टाकलं नाही.

छापखान्याकडे जाताना पिशवी खांद्याला काचत होती. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. जो मेला होता त्याला मी हसत किनाऱ्यावर आणलं, आणि जी जिवंत आहे तिला... पुढचं वाक्य त्यांनी मनातसुद्धा पुरं केलं नाही. ते जवळजवळ पळत सुटले. पोचल्या पोचल्या आधी खण उघडायचा, कागद तोंडात कोंबून गिळावा लागला तरी चालेल, पण तो तिच्या हाती लागता कामा नये.

दार उघडलं तेव्हा खण आधीच उघडा होता. लाल कांड्यांचं पाकीट टेबलावर पडलं होतं. बायको चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन बसली होती, आणि अकरा ओळींचा तो कागद तिच्यासमोर लाल शाईने भरला होता.

काका दारातच उभे राहिले. पिशवी खांद्यावरून घसरून खाली पडली.

"बसा," ती म्हणाली. वर्गातल्या पोराला म्हणावं तसं. "तीस वर्षे अध्यापन नाही, बत्तीस. विद्यार्थिप्रिय? मारकुटी होते मी, अर्धं गाव सांगेल. मनमिळाऊ." तिने चष्म्यावरून बघितलं. "बेचाळीस वर्षांत तुम्ही कधी म्हणालात का मला मनमिळाऊ?"

"अगं..."

"अल्पशा आजाराने. अल्पसा? पाच महिने मी काय सोसतेय ते अल्पसं का?" आवाज कापायला लागला, पण बोट ओळीवरून उठलं नाही. "शांतपणे प्राणज्योत मालवली. हे कशावरून? मला शांत वाटत नाहीये. मला भीती वाटतेय. रोज वाटतेय. तुमच्याशी बोलायचं म्हणून मी रोज इथे येऊन बसते, तुम्ही मशीनकडे तोंड करून उभे. आणि मला लिहून, खणात टाकून मोकळे झालात?"

काका खुर्चीत बसले. बोलायला तोंड उघडलं, पण त्यातून रडूच बाहेर आलं. मंगळवारी न आलेलं सगळं. ते तोंडावर हात दाबून रडत राहिले आणि ती समजूत घालायला उठली नाही. तिने ते संपू दिलं.

"मला वाटलं," ते शेवटी म्हणाले, "आधीच लिहून टाकलं की मग भीती कमी होते."

"झाली?"

"नाही."

मग त्यांनी सभागृहात काय घडलं ते सांगितलं. झोपलेल्या मित्राचं, चहाच्या कपाचं, म्हातारीच्या पर्सचं. पहिल्यांदाच त्यांनी एखादा वृत्तान्त घडल्यानंतर सांगितला, आणि तो त्यांना नीट सांगता येईना. मध्येच मागे जावं लागे, काही राहून गेलेलं असे. ती ऐकत होती. मातोश्रींच्या वाक्यापाशी तिने डोळे मिटले. "मी 'कशावरून' लिहिलं होतं," ती म्हणाली. "आणि तरी सही केली. माझीही चूक आहेच त्यात." थोड्या वेळाने तिने विचारलं, "ती प्रत राहू दिलीत ना तिच्याकडे?"

"तिने दिलीच नाही."

"बरं केलं."

बाहेर रस्त्यावरून वाहनं जात होती. मशीन बंद होतं. तिने कागद पुन्हा पुढे ओढला. 'त्यांच्या पश्चात पती' या शब्दांखाली तिने आधीच एक लाल रेघ मारलेली होती आणि समासात काहीच लिहिलेलं नव्हतं. तारखेची मोकळी जागा मोकळीच होती. तिने पेन उचललं, कागदाच्या तळाशी हळूहळू लिहिलं, बारीक सही केली आणि कागद फिरवून काकांसमोर ठेवला.

'दुरुस्तीनंतर पुन्हा प्रूफ दाखवणे.'

काकांनी वाचलं. परत वाचलं. डोळे पुसले.

"कधी दाखवू?"

"मी मागेन तेव्हा," ती म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं. "आता उठा. उद्याची बॅग भरायची आहे, आणि मला एकटीला ती भरवत नाहीये."